गाता गाता पेडल स्टील

पेटी वाजवीत गाणारे आपण नित्य ऐकतो. अमेरिकेतील ‘पेडल स्टील गिटार’ वाजवीत गाणारा मात्र विरळा. असे का?

हे वाद्य मेजासारखे आडवे असते. डाव्या हातातील पोलादी दांडी तारांवर सरकते, उजवा हात तारा छेडतो, डावा पाय पेडल दाबून स्वर बदलतो, उजवा आवाज कमीजास्त करतो. गुडघ्यांनाही सुटी नाही! वेब पीअर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गीतात बड आयझॅक्स यांनी पेडलने स्वर वळविला, आणि पुढे अनेक वादक त्या वाटेने गेले.

पण खरी अडचण हातापायांची नव्हे, कानाची आहे. पेटीची पट्टी दाबली की स्वर ठरलेला. गळ्याला त्याचा आधार मिळतो. इथे दांडी केसभर ढळली की स्वर ढळला. गळा आणि तार, दोन्ही एकाच कानाने राखायची.

उपाय एकच, कामाची वाटणी. ओळ गाताना हाताने साधे, लांब स्वर धरावेत. ओळ संपली की गळ्याने थांबावे, तारांनी बोलावे. एकावर दोघांचे काम लादले की दोन्ही कामे बिघडतात, हे आम्ही कामगार चळवळीत पुष्कळ पाहिले आहे. म्हणून गायकामागे मुकाट बसलेल्या स्टीलवादकाला कमी लेखू नये. त्याचे सारे अंग कामात असते.