यकृताचं नुकसान नक्की कोण करतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली: जंतुसंसर्गात यकृत बिघडतं ते जंतूंमुळे, की आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे? आम्ही वैद्यकातले नव्हे, तत्त्वज्ञानातले. पण ‘कारण’ या शब्दाशी आमचं जुनं भांडण आहे, म्हणून आज हाच प्रश्न घेऊ.

आतड्यांतलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जातं. तिथे कुप्फर पेशी नाकाबंदी करून बसलेल्या असतात. रक्तात शिरलेले बरेचसे जिवाणू त्याच गिळतात. काही जिवाणूंच्या आवरणात एन्डोटॉक्सिन असतं. ते जाणवलं की या पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. ही झाली हाकाटी. मग न्यूट्रोफिल धावून येतात, जंतू मारतात, आणि त्या धुमश्चक्रीत शेजारच्या यकृतपेशीही होरपळतात. शिवाय टीएनएफ स्वतःच यकृतपेशीला मरणाचा निरोप देऊ शकतं. एरवी पेशी बचावाची प्रथिनं झटपट तयार करून तो परतवते. गॅलॅक्टोसामाइन हे रसायन देऊन ती तयारी बंद पाडली, तर एरवी सहज सोसलं असतं इतक्या थोड्या एन्डोटॉक्सिननं उंदीर यकृत निकामी होऊन मरतो. म्हणजे बघा, इथे जिवंत जंतू एकही नाही!

मग टीएनएफलाच गुन्हेगार ठरवायचं? थांबा. १९९३ मध्ये टीएनएफचा एक रिसेप्टरच नसलेल्या उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. गॅलॅक्टोसामाइन आणि एन्डोटॉक्सिन दिल्यावर साधे उंदीर मेले, हे तगले. पण यकृतात आणि प्लीहेत वाढणारा लिस्टेरिया हा जिवाणू टोचला, तेव्हा हेच उंदीर त्याला बळी पडले. जे यकृत जाळतं, तेच यकृत राखतं.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी नेमका शब्द आहे: कारणसामग्री. एकटं बी अंकुर देत नाही. माती, पाणी, ऊन सगळं जुळावं लागतं. इथेही जंतू किती, हाकाटी किती वेळ चालली, पेशीची तयारी कितपत, हे सगळं मिळून कारण. त्यातला एकच आरोपी उचलायचा, ही आमच्या मते कोर्टाची सवय; निसर्गाला ती लागू नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. १९९० च्या दशकात सेप्सिसच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारी औषधं मोठ्या आशेनं दिली गेली. हवा तसा गुण आला नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मात्र अशाच औषधांचा चांगला उपयोग होतो. पण ती सुरू करण्याआधी डॉक्टर एक तपासणी करून घेतात: अंगात क्षयाचे जंतू दबून बसलेले नाहीत ना? त्यांना दाबून ठेवण्यातही टीएनएफचा हात असतो.