ऑस्कर रॉबर्टसन : मैदानावरचा आणि न्यायालयातला पॉइंट गार्ड

खेळाडूचे नाव वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर येते. न्यायनिवाड्यांच्या जाडजूड खंडात ते सहसा येत नाही. म्हणूनच ‘रॉबर्टसन विरुद्ध नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ हे शीर्षक वाचले की आमच्यासारखा वकिली करणारा माणूस थांबतो. कोण हा रॉबर्टसन? बास्केटबॉलच्या इतिहासातील थोर पॉइंट गार्डपैकी एक. आणि ज्या व्यवस्थेने त्याला नाव, पैसा, प्रसिद्धी दिली, तिलाच त्याने कोर्टात का खेचले? या प्रश्नाचे उत्तर चळवळीतल्या माणसाने समजून घेण्यासारखे आहे.

आधी पॉइंट गार्ड म्हणजे काय ते पाहू. बास्केटबॉलमध्ये पाच जणांचा संघ असतो. त्यात चेंडू पुढे आणणारा, कोण कुठे मोकळा आहे हे हेरणारा आणि कोणती चाल खेळायची हे ठरवणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. तो स्वतः बास्केट करतोच; पण त्याची खरी परीक्षा दुसऱ्याला बास्केट करता येईल असा पास देण्यात असते. संघातल्या चौघांचे भान ज्याला आहे, तोच ही जागा सांभाळू शकतो.

ऑस्कर रॉबर्टसन यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1938 रोजी टेनेसी राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्यांच्या लहानपणीच कुटुंब पोटापाण्यासाठी उत्तरेत, इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस शहरात आले. दक्षिणेत वर्णभेद कायद्याने होता. उत्तरेत तो वस्तीने, शाळेने आणि नोकरीने होता. घरात बास्केटबॉल घ्यायला पैसे नव्हते. चिंध्या रबराने बांधून त्यांचा चेंडू करायचा, नाहीतर टेनिसचा चेंडू घ्यायचा आणि तो फळांच्या टोपलीत टाकायचा, अशी या मुलाची सुरुवात झाली. कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळच्या धुळीच्या मैदानावर तो मोठ्या मुलांमध्ये घुसून खेळ शिकला.

त्याची शाळा क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल. या शाळेचा जन्मच भेदभावातून झालेला. 1920 च्या दशकात इंडियानात कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीचा मोठा जोर होता. त्याच काळात शहरातल्या सर्व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वेगळे काढण्यासाठी 1927 मध्ये ही शाळा उघडण्यात आली. पण झाले भलतेच! विद्यापीठांची दारे बंद असलेले उच्चविद्याविभूषित कृष्णवर्णीय शिक्षक या शाळेत आले. कोंडवाडा म्हणून बांधलेली शाळा समाजाचे विद्यापीठ बनली. शाळेला धड व्यायामशाळा नव्हती. राज्य स्पर्धेत खेळण्याची परवानगीही 1942 पर्यंत नव्हती.

त्याच शाळेने 1955 मध्ये प्रशिक्षक रे क्रो यांच्या मार्गदर्शनाखाली इंडियाना राज्याचे अजिंक्यपद जिंकले. अमेरिकेत संपूर्ण कृष्णवर्णीय शाळेने राज्य अजिंक्यपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. अंतिम सामन्यात समोर गॅरी गावाची रूझवेल्ट ही शाळाही कृष्णवर्णीयांचीच होती. 97 विरुद्ध 74 असा निकाल लागला. मग मिरवणूक निघाली. रिवाज असा की विजेत्यांचा जल्लोष शहराच्या मध्यभागी, स्मारकाच्या चौकात होत असे. ॲटक्सच्या मुलांना मात्र त्या चौकाला फेरी मारायला लावून थेट कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बागेत नेण्यात आले. गर्दी होईल, दंगा होईल, अशी भीती प्रशासनाला वाटली म्हणे! कप शहराचा, पण जिंकणारी मुले शहराची नाहीत! सोळा वर्षांच्या ऑस्करच्या मनावर या रात्रीने जो ओरखडा उमटवला तो आयुष्यभर गेला नाही. पुढल्या वर्षी, 1956 मध्ये, ॲटक्सने एकही सामना न हरता पुन्हा अजिंक्यपद जिंकले. उत्तर द्यायची एक तऱ्हा अशीही असते.

पुढे सिनसिनाटी विद्यापीठात तीन हंगामांत त्यांची सरासरी सामन्यामागे 33.8 गुणांची राहिली. पण संघ दक्षिणेत गेला की हॉटेलचे दार बंद. ह्यूस्टन शहरात गोरे सहकारी हॉटेलात राहिले आणि संघाच्या सर्वोत्तम खेळाडूला कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात पाठवले गेले. गुणवत्ता दाखवा, मग भेदभाव आपोआप जाईल, असे उपदेश आपल्यालाही रोज ऐकवले जातात. देशात सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलाला झोपायला खोली मिळाली नाही, यावर या उपदेशकांचे काय म्हणणे आहे?

1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये जेरी वेस्ट यांच्यासह संघाचे नेतृत्व करून रॉबर्टसन यांनी सुवर्णपदक आणले आणि त्याच वर्षी सिनसिनाटी रॉयल्स या व्यावसायिक संघात प्रवेश केला. सहा फूट पाच इंच उंचीचा पॉइंट गार्ड त्या काळात दुर्मिळ होता. 1961-62 च्या हंगामात त्यांनी सामन्यामागे सरासरी 30.8 गुण, 12.5 रिबाउंड आणि 11.4 असिस्ट केले. तिन्ही गोष्टींत दोन आकडी सरासरी! अख्ख्या हंगामात अशी कामगिरी पुन्हा व्हायला 55 वर्षे लागली. 2016-17 मध्ये रसेल वेस्टब्रुक यांनी ती केली. 1964 मध्ये रॉबर्टसन लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. 1974 मध्ये निवृत्त होताना त्यांच्या नावावर 26,710 गुण आणि 9,887 असिस्ट होते. आकड्यांचा हिशेब इथे संपवू. आमचा मुख्य मुद्दा पुढे आहे.

त्या काळात खेळाडूचे लीगशी नाते कसे होते? महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाची निवड एकच संघ करणार. त्या संघाने जे देऊ केले ते घ्यायचे, नाहीतर घरी बसायचे. कराराची मुदत संपली तरी संघाचा हक्क संपत नसे. करारात असे कलम होते की त्याच्या बळावर मालक खेळाडूला धरून ठेवू शके. दुसऱ्या संघाशी बोलणी करायची मुभा नसे. मालकाला मात्र वाटेल तेव्हा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकता येई. म्हणजे मालकाने खेळाडू विकावा, पण खेळाडूने मालक सोडू नये!

कुणी म्हणेल, हे लोक चांगला पैसा कमावत होते, त्यांच्या दुःखाचे आम्हांला काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण मजुरी किती मिळते हा एक प्रश्न आणि काम सोडून जाण्याचा हक्क आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चांगले आहे म्हणून दुसरा गिळून टाकता येत नाही. मालकाच्या मर्जीवर मिळालेली जास्तीची भाकर ही भाकरच असते. तिला हक्क म्हणत नाहीत.

14 जानेवारी 1964 रोजी बोस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होता. दूरचित्रवाणीचे कॅमेरे लागलेले, प्रेक्षक बसलेले. खेळाडूंनी खोलीचे दार लावून घेतले. निवृत्तिवेतनाची योजना द्या, संघासोबत पूर्णवेळ प्रशिक्षित उपचारक द्या, नाहीतर आम्ही मैदानात उतरत नाही! एका मालकाने आपल्या खेळाडूंना धमकीचा निरोप धाडला. कुणी हलले नाही. अखेर लीगचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, तेव्हा सामना सुरू झाला. त्या खोलीत गोरेही होते आणि काळेही होते. संघटनेचे अध्यक्ष टॉम हाइन्सन गोरे. त्या रात्रीचा सर्वोत्तम खेळाडू ठरले ते ऑस्कर रॉबर्टसन. संप करणारा कामचुकार असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

इथे आम्हांला 1938 सालची मुंबई आठवते. कामगारांच्या संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला विधिमंडळात विरोध करताना बाबासाहेबांनी संपाच्या हक्काचे नाते थेट स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडले होते आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी कामगारांचा एक दिवसाचा संप घडवून आणला होता. बोस्टनच्या त्या खोलीत बसलेल्यांना ही गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ज्याच्या श्रमावर खेळ चालतो त्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, हे तत्त्व गिरणीत आणि मैदानावर एकच असते.

1965 मध्ये रॉबर्टसन खेळाडू संघटनेचे अध्यक्ष झाले. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक खेळाडू संघटनेचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. 1974 पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. दरम्यान 1967 मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली. दोन मालक झाले की मजुराचा भाव वाढतो, तसेच घडले. मग मालकांनी दोन्ही लीग एकत्र करण्याचा घाट घातला. एकत्रीकरण झाले असते तर खेळाडूला पुन्हा एकाच दारात उभे राहावे लागले असते. एप्रिल 1970 मध्ये रॉबर्टसन आणि आणखी 13 खेळाडूंनी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. आधार होता 1890 च्या शर्मन कायद्याचा, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याचा. जो कायदा तेल आणि रेल्वेच्या भांडवलदारांना आवरायला केला, तो खेळाडूंनी संघमालकांवर रोखला!

त्याच सुमारास एक दुसरा खटला चालू होता. कर्ट फ्लड हा कृष्णवर्णीय बेसबॉलपटू. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे आयुक्तांना लेखी कळवून तोही कोर्टात गेला. त्याच्या संघटनेने त्याला मदत केली; पण 1970 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा खेळत असलेला एकही बेसबॉलपटू साक्षीला किंवा नुसता पाठीशी बसायलाही आला नाही. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 असा हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. बेसबॉलला जुन्या निकालांमुळे मक्तेदारी कायद्यातून सूट होती, बास्केटबॉलला ती नव्हती, हा कायद्याचा फरक आहेच. पण दुसरा फरकही नजरेआड करता येणार नाही. रॉबर्टसन यांच्या दाव्यात 14 वादी होते. बिल ब्रॅडली, जॉन हॅवलिचेक यांसारखे नामवंत गोरे खेळाडू आणि वेस अन्सेल्ड, चेट वॉकर यांसारखे कृष्णवर्णीय एकाच दाव्यावर होते. फ्लडचे धैर्य तसूभरही कमी नव्हते. त्याच्यामागे माणसे कमी होती.

आता न्यायाधीश पाहा. हा खटला ज्यांच्यापुढे आला ते रॉबर्ट एल. कार्टर. 1954 च्या ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या ऐतिहासिक खटल्यात थर्गुड मार्शल यांचे सहकारी म्हणून ज्यांनी टोपेका शहरातील मुलांची बाजू मांडली, तेच हे कार्टर. 1972 मध्ये ते न्यायाधीश झाले. वेगळ्या शाळेत शिकलेला खेळाडू वादी, आणि वेगळ्या शाळांविरुद्ध लढलेला वकील न्यायासनावर! कार्टर यांनी दावा सर्व खेळाडूंच्या वतीने प्रातिनिधिक म्हणून चालू दिला. लीगचा बचाव असा होता की हा कामगार-मालक वाटाघाटींचा विषय असल्याने मक्तेदारी कायदा लागू होत नाही. 1975 मध्ये कार्टर यांनी तो फेटाळला. कामगारांच्या संघटनांना कायद्याने दिलेली ढाल मालकांनी आपल्यासाठी उचलायची नाही, असा त्याचा मथितार्थ. खटला पूर्ण चालला तर आपण हरणार, हे मालकांनी ओळखले. 1976 मध्ये तडजोड झाली. करार संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवणारे कलम गेले, दुसऱ्या संघाकडे जाण्याचा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि सुमारे 500 खेळाडूंना नुकसानभरपाई मिळाली. त्यानंतरच दुसऱ्या लीगचे चार संघ सामावून घेतले गेले. पूर्णपणे बंधनमुक्त खेळाडू पहिल्यांदा 1988 मध्ये दिसला, म्हणजे दावा दाखल झाल्यावर 18 वर्षांनी! ‘तारीख पे तारीख’ला कंटाळून लढा सोडू पाहणाऱ्या पक्षकारांना आम्ही हा हिशेब जरूर सांगतो.

या लढ्याच्या काळात रॉबर्टसन यांचा खेळ थांबला नव्हता. 1970 मध्ये रॉयल्सने त्यांना बाल्टिमोरला देऊ केले तेव्हा त्यांनी आपल्या करारातील नकाराधिकार वापरला. मग ते मिलवॉकी बक्स संघात गेले आणि 1971 मध्ये, पुढे करीम अब्दुल जब्बार या नावाने ओळखल्या गेलेल्या तरुण लू अल्सिंडरच्या जोडीने, अंतिम फेरीत त्याच बाल्टिमोरला 4-0 असे हरवून अजिंक्यपद मिळवले. स्वतःच्या करारातले कलम वाचणाऱ्या माणसाचा हा फायदा! आमच्या तरुणांनी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

किंमतही मोजावी लागली. निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीवर समालोचनाचे काम त्यांना मिळाले, पण ते एकाच हंगामात संपले. लीगमध्येही त्यांच्या तोलाचे स्थान मिळाले नाही. त्या दाव्यामुळेच दारे बंद झाली, असे त्यांचे स्वतःचे मत. पण ते खचले नाहीत. उद्योग उभारला, आणि 1997 मध्ये आजारी मुलीला स्वतःचे मूत्रपिंड दिले.

आज त्या लीगमधला खेळाडू कोट्यवधी डॉलरचा करार करतो, मर्जीने संघ बदलतो आणि पत्रकार परिषद घेऊन तसे जाहीर करतो. हा हक्क कुणी मिळवून दिला, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडेही राखीव जागेवर नोकरी मिळवून, बंगला बांधून, मोर्चाच्या दिवशी रजा न काढणारे कमी नाहीत. ‘आम्ही आमच्या गुणवत्तेवर आलो’ असे ते सांगतात. रॉबर्टसन यांच्याहून मोठी गुणवत्ता कोणाची होती? तरी गुणवत्तेने आपल्याला खोली मिळाली नाही, चौक मिळाला नाही, हे ते विसरले नाहीत. कीर्तीच्या शिखरावर असताना, गमावण्यासारखे सर्व काही हातात असताना, त्यांनी आपले नाव दाव्याच्या शीर्षस्थानी घातले. 1976 मध्ये त्या दाव्याचे फळ आले तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. ज्या स्वातंत्र्यासाठी ते लढले, ते त्यांना स्वतःला एक दिवसही वापरता आले नाही. पॉइंट गार्डचे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. चेंडू पुढच्यांच्या हाती दिला. आपल्या हाती ज्यांनी तो दिला त्यांचे ऋण मानायचे असेल, तर तो धरून बसू नका. मागून धावत येणाऱ्याकडे पाहा आणि पास द्या.