तमाशापटाची नायिका : जयश्री गडकर आणि एका चित्रप्रकाराचा हिशेब

पुरुषोत्तमनगर (जि. नंदुरबार) : शहादा तालुक्यातील साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरसारख्या गावांपर्यंत मराठी चित्रपट दीर्घकाळ पोहोचला तो पक्क्या चित्रपटगृहांतून कमी आणि यात्रांतल्या तंबूंतून अधिक. याच तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची, घोडेबाजारासाठी नावाजलेली यात्रा भरते. महाराष्ट्रातील अशा अनेक यात्रांत एकीकडे तमाशाचा फड आणि दुसरीकडे फिरत्या टॉकीजची कनात, असे दृश्य एके काळी नेहमीचे होते. गंमत अशी, की कनातीतल्या पडद्यावरही पुष्कळदा तमाशाच चाललेला असे. प्रेक्षकाला खऱ्या फडाइतकाच हा पडद्यावरचा फड आपला वाटू लागला, त्यात जयश्री गडकर यांचा वाटा फार मोठा आहे.

सुमारे अडीचशे चित्रपट नावावर असलेल्या या अभिनेत्रीला लोक ‘तमाशापटांची नायिका’ म्हणूनच ओळखतात. ही ओळख तिच्या कर्तृत्वाचा गौरव आहे, तशीच ती तिच्यावर पडलेली मर्यादाही आहे. हा दुहेरी हिशेब समजून घ्यायचा तर आधी तो चित्रप्रकार समजून घ्यावा लागतो.

बंदी, बोर्ड आणि बोलपट

तमाशापटाची सुरुवात साधारणपणे १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’पासून मानली जाते. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका होत्या. याच सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली आणि पुढे नियमांच्या चौकटीत त्याला पुन्हा परवानगी मिळाली. बोर्डावरचा तमाशा असा संशयाच्या नजरेत असताना पडद्यावरच्या तमाशाला मात्र शहरी मध्यमवर्गाने कुटुंबासह हजेरी लावली. लावणी तीच, ढोलकीही तीच. पण मध्ये पडद्याचे अंतर आले आणि पाहणाऱ्याचा संकोच गेला.

या चित्रपटांचा साचा ठरलेला असे. गण, गौळण, बतावणी आणि वग ही तमाशाची अंगे कथेत गुंफली जात. गावचा उन्मत्त पाटील, शेतकरी नायक, फडाची मालकीण आणि मनाने सोज्वळ असलेली नाचणारीण ही पात्रे प्रेक्षकाला पहिल्या रिळातच ओळखू येत. कथेचा शेवट काय होणार, हेही बहुधा ठाऊक असे. चित्रप्रकाराचे बळ नेमके येथेच असते. काय घडणार याची उत्सुकता उरली नाही, की प्रेक्षक ते कसे घडते याकडे डोळे लावून बसतो. मग सारा भार नायिकेच्या नजरेवर, पदन्यासावर आणि संवादाच्या फेकीवर येतो.

कारवारहून फडाकडे

जयश्री गडकर यांचा जन्म २१ मार्च १९४२ रोजी कारवारजवळील सदाशिवगड परिसरातल्या कणसगिरी येथे झाला. घरची भाषा कोकणी. तमाशाशी या कुटुंबाचा परंपरेने काही संबंध नव्हता. लहानपणापासून नृत्याची वाट धरलेल्या या मुलीला चित्रपटात पहिले स्थान मिळाले ते समूहनृत्यात. व्ही. शांताराम यांच्या १९५५ सालच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये संध्या यांच्यामागे नाचणाऱ्या मुलींत त्या होत्या. पुढच्याच वर्षी ‘दिसतं तसं नसतं’ या चित्रपटात त्यांना नृत्याची छोटी भूमिका मिळाली.

खरे वळण आले ते १९५९मध्ये, अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’मुळे. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत वसंत पवारांचे होते. पाटलाच्या अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची मुलगी तमाशाच्या फडात वाढते, नाचणारीण होते आणि अखेर त्याच गावात, भर बोर्डावरून, पाटलाचे पाप चारचौघांत सांगते, असे हे कथानक. ज्या बोर्डाला समाज हलका मानत होता, तीच जागा येथे न्यायासनाचे काम करते. चित्रपटाचे नावही त्या अर्थाने चपखल आहे. पुण्याच्या ‘विजयानंद’ चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. त्यातली आशा भोसले यांच्या आवाजातली ‘बुगडी’ची लावणी आजही ढोलकीच्या पहिल्या थापेला ओळखली जाते.

या एका चित्रपटात दोन पिढ्या समोरासमोर आल्या. फडातल्या ज्येष्ठ स्त्रीच्या भूमिकेत हंसा वाडकर होत्या. ‘रामजोशी’ने ज्यांना तमाशापटाची पहिली मोठी नायिका केले, त्यांच्याच डोळ्यांदेखत नवी नायिका उभी राहिली. पुढे हंसाबाईंनी आपली जीवनकथा सांगितली, पत्रकार अरुण साधू यांनी ती शब्दबद्ध केली आणि तिला नाव दिले गेले तेही ‘सांगत्ये ऐका’. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा १९७७चा चित्रपट याच आत्मकथनावर आधारलेला आहे.

साच्याच्या आत आणि बाहेर

‘सांगत्ये ऐका’च्या यशानंतर निर्मात्यांना जयश्रीबाईंकडून पुन्हा पुन्हा तेच हवे होते. अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबरीवरून गजानन जागीरदार यांनी केलेला ‘वैजयंता’ (१९६१) आणि अनंत माने यांचा ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) हे त्या मालिकेतले ठळक चित्रपट. दुसऱ्याच्या नावातच तमाशातील सवाल-जवाबाची परंपरा आहे. शक्तीला थोर मानणारे कलगीवाले आणि शिवाला थोर मानणारे तुरेवाले यांच्यातला हा काव्यातला सामना पडद्यावर आणायचा, तर नायिकेला नुसते नाचून भागत नाही. प्रश्न टाकतानाची ऐट आणि उत्तर ऐकतानाची चलबिचल चेहऱ्यावर दिसावी लागते. गळा पार्श्वगायिकेचा असला, तरी तो आवाज आपल्याच छातीतून निघतो आहे असे वाटायला लावणे हे नटीचे काम, आणि त्यात जयश्रीबाईंचा हातखंडा होता.

तरीही त्या साच्यात पूर्णपणे अडकल्या नाहीत. अनंत माने यांच्याच ‘मानिनी’त (१९६१) त्यांनी घरंदाज, स्वाभिमानी स्त्री उभी केली. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’त (१९६३) त्या शिवकालीन वातावरणात शोभल्या, तर भालजींच्याच ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) लोहाराच्या बायकोची भूमिका करताना त्यांच्या अंगावर ना शालू होता ना पायांत घुंगरू. या दोन्ही चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकर यांनी संगीत दिले होते. फडातली नायिका भात्यासमोरही तितकीच खरी वाटू शकते, हे ‘साधी माणसं’ने दाखवून दिले.

हिंदीत मात्र त्यांना मिळाला तो दुसरा साचा, पौराणिक चित्रपटांचा. ‘लव कुश’सारख्या चित्रपटांतून त्या देशभरातल्या लहान गावांत पोहोचल्या, पण मोठ्या हिंदी निर्मात्यांच्या सामाजिक चित्रपटांत त्यांना अभावानेच जागा मिळाली.

इटलीतील दाखला

हा अनुभव केवळ मराठीचा नाही. इटलीत १९७०च्या दशकात ‘जाल्लो’ नावाच्या रहस्यपटांची लाट होती. जाल्लो म्हणजे पिवळा. पिवळ्या वेष्टनातल्या स्वस्त रहस्यकथांवरून हे नाव पडले. अल्जीरियात जन्मलेली एडविज फेनेक ही त्या लाटेतली अग्रगण्य नायिका. पुढे चावट विनोदी चित्रपटांनी तिला अमाप लोकप्रियता दिली आणि समीक्षकांच्या लेखी तिची किंमतही कमी केली. नंतर ती निर्मितीकडे वळली. अल पचिनो यांची भूमिका असलेल्या २००४च्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या निर्मात्यांत तिचे नाव आहे. तमाशापट आणि जाल्लो यांत साम्य शोधणे व्यर्थ. पण नायिकेच्या वाट्याला येणारा सौदा मात्र सारखाच दिसतो. चित्रप्रकार तिला प्रेक्षक मिळवून देतो आणि त्या बदल्यात तिची ओळख स्वतःकडे गहाण ठेवतो.

मराठीत या सौद्याची सर्वांत जड किंमत मोजली ती गणपत पाटील यांनी. नाच्याची भूमिका त्यांनी इतकी हुबेहूब वठवली, की प्रत्यक्ष आयुष्यातही तो शिक्का त्यांना पुसता आला नाही. त्या तुलनेत जयश्रीबाईंना नशिबाने अधिक साथ दिली.

लाट ओसरल्यावर

‘केला इशारा जाता जाता’ने (१९६५) उषा चव्हाण आणि लीला गांधी यांना पुढे आणले. १९७२च्या ‘पिंजरा’ने तमाशापटाला रंगीत वैभव दिले, पण १९८०च्या दशकात प्रेक्षक शहरी विनोदी चित्रपटांकडे वळला आणि फडाची कथा मागे पडली. अनेक नायिकांची कारकीर्द अशा वळणावर संपते. जयश्रीबाईंना मात्र याच काळात सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. जानेवारी १९८७मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत त्या कौसल्या झाल्या आणि त्यांचे पती बाळ धुरी दशरथ. एके काळी ज्यांच्या लावणीवर शिट्ट्या पडत, त्यांच्यापुढे आता दूरदर्शन संचासमोर बसलेले प्रेक्षक हात जोडू लागले. ‘अशी मी जयश्री’ हे आत्मचरित्रही त्यांनी लिहिले. २९ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, तेव्हा ‘सांगत्ये ऐका’ कधीच न पाहिलेल्या पिढीने त्यांना प्रथम पाहिले ते राजमातेच्या रूपात.

‘नटरंग’ (२०१०) आणि ‘चंद्रमुखी’ (२०२२) या चित्रपटांच्या यशाने तमाशापटाची ओढ संपलेली नाही, हे सिद्ध केले. मात्र एक प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता आणि आजही आहे. पडद्यावरची नाचणारीण लोकप्रिय झाली, तिला मान मिळाला. ज्यांच्या कलेवर हे सारे उभे राहिले त्या फडातल्या कलावंत स्त्रियांच्या वाट्याला त्यातले किती आले? जयश्री गडकर यांनी त्या स्त्रियांना पडद्यावर डोळे वर करून बोलायला लावले, हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल. यात्रेत कनातीशेजारी उभ्या राहणाऱ्या फडाची बाकी मात्र अजून फिटलेली नाही.