बर्नली एफ.सी.ची पुनर्बांधणी (२०२२–२३)

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बर्नली फुटबॉल क्लब २०२२ साली प्रीमियर लीगमधून चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत घसरला. त्यानंतर नवे व्यवस्थापक व्हिन्सेंट कोम्पनी यांच्या हाताखाली संघाची जवळजवळ नव्याने उभारणी झाली आणि पुढच्याच हंगामात १०१ गुणांसह विजेतेपद मिळवून क्लब पहिल्या श्रेणीत परतला. घसरलेल्या क्लबला नव्या व्यवस्थापकाच्या पाठीशी कशा प्रकारे उभे राहावे लागते आणि अशा पाठिंब्याच्या मर्यादा कोणत्या, हे या उदाहरणातून समजते.

पार्श्वभूमी

१८८२ साली स्थापन झालेला बर्नली हा १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या १२ संस्थापक क्लबांपैकी एक आहे. त्याने १९२०–२१ आणि १९५९–६० या हंगामांत इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले. शॉन डायच यांनी ऑक्टोबर २०१२ पासून क्लबचे व्यवस्थापन केले. त्यांच्या काळात क्लब २०१६ पासून सलग सहा हंगाम प्रीमियर लीगमध्ये होता. भक्कम बचाव आणि लांब पल्ल्याचे थेट पास ही त्या संघाची ओळख होती.

प्रीमियर लीगमधील २० संघांपैकी शेवटचे तीन संघ दरवर्षी चॅम्पियनशिपमध्ये जातात. २०२१–२२ च्या हंगामात ही टांगती तलवार असताना एप्रिल २०२२ मध्ये डायच यांना पदमुक्त करण्यात आले. २२ मे रोजी टर्फ मूर या घरच्या मैदानावर न्यूकॅसल युनायटेडकडून १–२ असा पराभव झाला आणि ३५ गुणांसह १८व्या स्थानी राहिलेल्या बर्नलीची घसरण निश्चित झाली.

आर्थिक अडचण

श्रेणी घसरल्यावर क्लबचे प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात घटते. हा धक्का सौम्य करण्यासाठी प्रीमियर लीग अशा क्लबांना काही वर्षे ठरावीक साहाय्य देते. पहिल्या वर्षी ही रक्कम प्रत्येक क्लबला मिळणाऱ्या प्रक्षेपण उत्पन्नाच्या समान वाट्याच्या ५५ टक्के असते, तर दुसऱ्या वर्षी ती ४५ टक्क्यांवर येते. बर्नलीची स्थिती अधिक नाजूक होती. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या मालकीबदलाच्या व्यवहारात कर्जाचा वापर झाला होता आणि घसरण झाल्यास त्या कर्जाचा मोठा भाग लवकर फेडावा लागणार होता. त्यामुळे खेळाडू विकणे अपरिहार्य ठरले. नेथन कॉलिन्स, ड्वाइट मॅकनील, मॅक्सवेल कोर्ने आणि गोलरक्षक निक पोप यांची विक्री झाली. जेम्स टार्कोव्स्की व बेन मी हे अनुभवी बचावपटू करार संपल्याने क्लब सोडून गेले.

नव्या व्यवस्थापकाची निवड

१४ जून २०२२ रोजी कोम्पनी यांची नियुक्ती झाली. मँचेस्टर सिटीचे माजी कर्णधार असलेल्या कोम्पनी यांनी त्यापूर्वी बेल्जियममधील अँडरलेख्टचे व्यवस्थापन केले होते, परंतु इंग्लंडमध्ये व्यवस्थापक म्हणून त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांना गोलरक्षकापासून आखूड पास देत चाल रचणारा संघ हवा होता. डायच यांच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत अगदी वेगळी असल्याने केवळ व्यवस्थापक बदलून भागणार नव्हते. क्लबने या पद्धतीला साजेसे, मुख्यतः तरुण खेळाडू मिळवले. बेल्जियममधील क्लबांतून जॉश कलेन, विटिन्हो, अनास झारौरी आणि मानुएल बेन्सन आले. इयान मात्सेन, टेलर हारवूड-बेलिस, नेथन टेला आणि जॉर्डन बेयर यांना अन्य क्लबांकडून हंगामापुरते उसने घेण्यात आले. जॅक कॉर्क, ॲशली बार्न्स, जॉश ब्राउनहिल यांसारख्या जुन्या खेळाडूंमुळे संघातील सातत्य टिकले.

२०२२–२३ चा हंगाम

पहिल्या पाच साखळी सामन्यांत बर्नलीला केवळ एक विजय मिळाला. एकात पराभव झाला, तर तीन सामने बरोबरीत सुटले. ब्लॅकपूलविरुद्ध घरच्या मैदानावर ३–१ अशी आघाडी असूनही सामना ३–३ असा संपला. तरीही संघाने खेळण्याची पद्धत बदलली नाही. ५ नोव्हेंबर रोजी शेफिल्ड युनायटेडकडून २–५ असा पराभव झाल्यानंतर २२ एप्रिलपर्यंत बर्नली साखळीत अपराजित राहिला.

७ एप्रिल २०२३ रोजी मिडल्सब्रोवर २–१ असा विजय मिळवून, सात सामने शिल्लक असतानाच, क्लबने बढती निश्चित केली. २५ एप्रिल रोजी परंपरागत प्रतिस्पर्धी ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या मैदानावर बेन्सनच्या एकमेव गोलच्या बळावर विजेतेपदही मिळाले. ४६ सामन्यांत २९ विजय, १४ बरोबऱ्या आणि ३ पराभव अशी संघाची अंतिम कामगिरी होती. टेलाने साखळीत १७ गोल केले.

पुढील घडामोडी

उसन्या खेळाडूंच्या आधारे मिळालेल्या यशाची दुसरी बाजू लगेच दिसली. मात्सेन, टेला आणि हारवूड-बेलिस क्लबमध्ये राहिले नाहीत आणि संघ पुन्हा नव्याने जुळवावा लागला. २०२३–२४ मध्ये प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत केवळ ५ विजय व २४ गुण मिळवून बर्नली १९व्या स्थानी राहिला आणि पुन्हा खाली गेला. या काळात क्लबने व्यवस्थापक बदलला नाही. मे २०२४ मध्ये कोम्पनी स्वतःच जर्मनीतील बायर्न म्युनिकमध्ये गेले.

त्यांच्या जागी आलेल्या स्कॉट पार्कर यांनी बचावावर भर दिला. २०२४–२५ मध्ये ४६ सामन्यांत केवळ १६ गोल स्वीकारून बर्नलीने १०० गुण मिळवले आणि दुसऱ्या स्थानी राहून पुन्हा बढती मिळवली.

महत्त्व

दोन्ही व्यवस्थापकांच्या पद्धती परस्परविरुद्ध होत्या, तरी दोन्ही वेळा एकाच हंगामात पुनरागमन झाले. २०२२ मध्ये क्लबने व्यवस्थापकाच्या पद्धतीनुसार खेळाडू निवडले आणि सुरुवातीच्या बरोबऱ्यांनंतरही दिशा बदलली नाही. मात्र असा पाठिंबा दुसऱ्या श्रेणीत पुरेसा ठरला, तरी वरच्या श्रेणीत टिकून राहण्यासाठी आवश्यक असलेल्या स्थिर संघाची उणीव तो भरून काढू शकला नाही.