मोगलीच्या पुस्तकातला दुसरा मुलगा

मोगली तुम्हाला माहीत आहेच. कार्टूनमधून म्हणा, २०१६च्या सिनेमातून म्हणा, तो आपल्या लहानपणाचा भागच आहे. पण ज्या पुस्तकातून तो आला, त्या रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मध्ये (१८९४) आणखी एक मुलगा आहे. त्याला लांडग्यांनी वाढवलेलं नाही. तो माहुताचा पोरगा, दहा वर्षांचा. नाव तुमाई. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ही हत्तींची गोष्ट मोगलीच्या सावलीत राहून गेली.

गोष्ट गारो टेकड्यांतली. जंगली हत्ती पकडायचं काम चालू असतं आणि तुमाईला त्यात उतरायचं असतं. पीटरसन साहेब हसत सांगतो, हत्तींचा नाच पाहिलास की मग ये! माहुतांच्या बोलीत याचा अर्थ ‘कधीच नाही’. कारण तो नाच कुणा माणसाने पाहिलेलाच नसतो. मग एका रात्री त्यांचा म्हातारा हत्ती कालानाग तुमाईला मानेवर घेऊन गुपचूप जंगलात शिरतो. तिथे कितीतरी हत्ती जमलेले आणि पायांनी जमीन दणाणून सोडणारे. सकाळी मोठी माणसं जाऊन बघतात तर खरंच, झाडोरा तुडवून सपाट झालेला. पोराच्या शब्दावर विश्वास बसतो आणि त्याच्या पणजोबांचा किताब त्याला मिळतो : हत्तींचा तुमाई.

या गोष्टीवर १९३७मध्ये ‘एलिफंट बॉय’ हा सिनेमा आला. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी आणि झोल्टन कोर्डा. काही भाग मैसूरच्या जंगलात, बाकीचा इंग्लंडमधल्या स्टुडिओत चित्रित झाला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं बक्षीसही मिळालं. पण पडद्यावर येताना गोष्ट बदलली. किपलिंगकडे तुमाईचे वडील जिवंत आहेत, पोराने जंगलाचा नाद सोडावा म्हणून कुरकुरत असतात. सिनेमात वाघ त्यांना मारतो, कालानाग दुःखाने बिथरतो आणि प्रश्न उरतो तो हत्तीचा जीव वाचवण्याचा. ‘लहान मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा का?’ हा मूळ प्रश्न मागे पडतो.

आता खरी चटका लावणारी गोष्ट ऐका. तुमाईचं काम केलं साबूने. तोही माहुताचाच मुलगा, मैसूरचा. वडील आधीच गेलेले आणि तो महाराजांच्या गजशाळेच्या आसऱ्याला. सिनेमासाठी तो इंग्लंडला गेला, मग हॉलिवूडला. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) गाजला. १९४२च्या ‘जंगल बुक’मध्ये तर तो चक्क मोगली झाला. म्हणजे एकाच पुस्तकातली दोन्ही पोरं त्याने साकारली! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बॉम्बर विमानात मशीनगन चालवून त्याने शौर्यपदकही मिळवलं.

पण युद्ध संपलं तरी त्याच्याकडे येणाऱ्या भूमिका बहुतेक त्याच, फेटा आणि जंगल. ‘मदर इंडिया’तल्या बिरजूसाठी मेहबूब खान यांनी त्याचा विचार केला होता, ती भूमिका शेवटी सुनील दत्तकडे गेली. १९६३मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी साबू गेला. त्याचा शेवटचा सिनेमा त्यानंतर प्रदर्शित झाला. त्यात त्याची भूमिका कुणाची? सर्कशीतल्या वाघाला सांभाळणाऱ्याची.

बघा ना, तुमाईला नाव मिळालं ते त्याने जे पाहिलं त्याबद्दल. साबूला ‘एलिफंट बॉय’ हे नाव मिळालं ते लोकांनी त्याला जसं पाहिलं त्यावरून. पोरगा मोठा झाला, युद्धावर जाऊन आला, तरी ते चिकटलेलंच राहिलं. वर्गात, हॉस्टेलवर आपणही कुणाला गावावरून, बोलीवरून, पहिल्याच दिवशीच्या एखाद्या फजितीवरून नाव पाडतो आणि तीन वर्षं त्याच नावाने हाक मारतो. त्यानंतर त्याने काय काय केलं, हे विचारतो का कधी?

किपलिंगची गोष्ट लहानशी आहे, एका लोकल प्रवासात होईल. पण त्यातला राज्यकर्त्या साहेबाचा सूरही कान उघडे ठेवून ऐका, कारण पोराचं खरं ठरतं ते साहेबाने जाऊन बघितल्यावरच. मग सिनेमा बघा. हत्तीच्या मानेवर बिनधास्त बसलेला तो पोरगा दिसला की त्याला तुमाई म्हणू नका. साबू म्हणा.