गुणपत्रिकेत बुद्धीइतकाच स्वभाव

चांगले गुण म्हणजे तल्लख डोकं, हे समीकरण अमेरिकेतल्या अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ सालच्या अभ्यासाने हलवलं. आठवीतली मुलं किती शिस्तीने वागतात, हे त्यांनी शालेय वर्षाच्या सुरुवातीला मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना विचारलं. वर्षअखेरीच्या गुणांमधला फरक बुद्ध्यंकापेक्षा या स्वयंशिस्तीने दुपटीहून अधिक उलगडला. शिस्तीची मुलं गृहपाठाला लवकर बसत, त्याला जास्त वेळ देत आणि टीव्ही कमी पाहत. स्वभाव गुणांपर्यंत पोहोचतो तो असा, रोजच्या संध्याकाळींमधून.

यावर रास्त आक्षेप असा की, अभ्यासातल्या शाळेत मुलं निवडूनच घेतली जात होती. सगळीच हुशार असली, तर बुद्धीतला फरक कमी आणि तिचा प्रभावही फिका दिसणार. म्हणून व्यापक पुरावा पाहायला हवा. ऑस्ट्रेलियाचे आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली. प्राथमिक शाळेत बुद्धिमत्तेचं पारडं बरंच जड निघालं. माध्यमिक शाळेत मात्र कर्तव्यदक्षता, म्हणजे चिकाटी, नेटकेपणा आणि हातचं काम पुरं करण्याची सवय, तिच्या जवळपास बरोबरीला आली. हुशार मुलंच कर्तव्यदक्ष असतात म्हणून असं दिसतं, हेही खरं नाही. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध अगदी क्षीण आहे. तरीही दोन्ही मिळून गुणांचा मोठा भाग उलगडत नाही, हे विसरू नये.

मग शिक्षक आज्ञाधारक मुलांना झुकतं माप देतात का? काही अंशी देत असतीलही. पण डकवर्थ आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये आढळलं की प्रमाणित चाचण्यांतली प्रगती बुद्ध्यंकावरून अधिक चांगली सांगता येते आणि प्रगतिपुस्तकातली स्वयंशिस्तीवरून, कारण त्यात गृहपाठ आणि वर्गातलं वर्तनही मोजलं जातं. आपल्या दहावीतल्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेला आणि २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनाला एकाच मापाने पाहू नये, ते यासाठीच. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: कर्तव्यदक्षता पौगंडावस्थेच्या सुरुवातीला सरासरीने घसरते आणि पुढे पुन्हा वाढते. नेमक्या त्याच वयात आपण मुलावर ‘आळशी’ असा शिक्का मारतो आणि त्याला तो स्वतःचा कायमचा स्वभाव वाटू लागतो. त्याऐवजी मोठा प्रकल्प छोट्या टप्प्यांत वाटून देणं, तपासलेली वही त्याच आठवड्यात परत करणं, एवढं शाळेला आजही करता येईल.