टॉवर बदलायचा, पण नेमका कधी? व्हीआर, ५जी आणि जालना–संभाजीनगर रेल्वे

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत, म्हणून ऐकताना सुटलं असेल तर इथे निवांत वाचा.

जालना ते छत्रपती संभाजीनगर रेल्वेने साधारण ६० किलोमीटर. बदनापूर, करमाड, चिकलठाणा मागे पडतात, आणि तेवढ्या वेळात तुमचा फोन कितीतरी टॉवर बदलतो. समजा एका टॉवरची हद्द २ किलोमीटर आणि गाडीचा वेग ताशी १००. म्हणजे दर ७२ सेकंदांनी एक बदल. यालाच हँडओव्हर म्हणतात. यूट्यूब बघताना तो कळत नाही, कारण पुढचे काही सेकंद फोनमध्ये आधीच भरून ठेवलेले असतात.

आता त्याच डब्यात डोक्यावर व्हीआर हेडसेट आहे आणि गेमचं चित्र लांबच्या सर्व्हरवर बनून येतंय असं धरा. इथे साठा करताच येत नाही. तुम्ही पुढच्या क्षणी मान कुठे वळवणार, हे सर्व्हरला कुठे माहितीये? सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजं चित्र पोचलंच पाहिजे. आणि नेहमीच्या हँडओव्हरमध्ये डेटा साधारण ३० ते ६० मिलिसेकंद थांबतो. दोन-तीन फ्रेम गेल्याच. फोनच्या स्क्रीनवर हा किरकोळ झटका. हेडसेटमध्ये मात्र मान वळल्याचं कान सांगतो, डोळा म्हणतो जग तिथंच आहे, आणि मग मळमळ सुरू. हेडसेट जुनीच फ्रेम थोडी सरकवून वेळ मारून नेतो, पण समोरची वस्तू हलली असेल तर ती युक्ती चालत नाही.

हे फक्त गेमपुरतं नाही हं. आपल्या जालन्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या स्टीलच्या कारखान्यात फिटर एआर चष्मा घालून दुरुस्ती करतोय, आणि कुठला नट सोडायचा त्याचा बाण चष्म्यात दिसतोय, अशी कल्पना करा. फिटर दोन पावलं सरकला आणि बाण जुन्याच जागी राहिला, तर? शिवाय लोखंडी शेडमध्ये कोपरा वळला की सिग्नल हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतो.

मग टॉवर कधी बदलायचा? नेहमीचा नियम साधा आहे: शेजारचा टॉवर सध्याच्यापेक्षा ठरावीक डेसिबलने चांगला दिसला, आणि ठरावीक वेळ तसाच राहिला, की उडी. ही वाट बघण्याची वेळ समजा ३२० मिलिसेकंद ठेवली, तर ताशी १०० च्या गाडीत तेवढ्यात ९ मीटर अंतर जातं. चालणाऱ्या माणसासाठी अर्धा मीटरसुद्धा नाही. म्हणजे एकच आकडा सगळ्यांना बसत नाही. वेळ कमी ठेवली तर फोन दोन टॉवरमध्ये टेबल टेनिस खेळतो आणि दर फेरीला फ्रेम जातात. जास्त ठेवली तर आणखी वाईट: ‘आता बदल’ हा आदेश जुना टॉवरच पाठवतो, आणि त्याचाच आवाज बसलेला असेल तर आदेश पोचतच नाही. मग लिंक तुटते, सगळी जोडणी पुन्हा करावी लागते.

यावर थ्रीजीपीपीच्या १६व्या आवृत्तीत सशर्त हँडओव्हर आला. सिग्नल चांगला असतानाच टॉवर फोनला सांगून ठेवतो: अमुक अट पूर्ण झाली की तू स्वतःच जा, मला विचारू नकोस. यानं लिंक तुटायची भीती कमी होते, पण डेटा थांबतो तो थांबतोच. त्यासाठी त्याच आवृत्तीत दुसरा उपाय आहे, नवा हात धरेपर्यंत जुना न सोडण्याचा. भारी आहे, फक्त फोनला दोन जोडण्या एकदम सांभाळाव्या लागतात. अर्थात स्टँडर्डमध्ये असणं आणि तुमच्या टॉवरवर चालू असणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

आणि एक लपलेला चोर आहे. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचा शेजारी तपासायला फोन स्वतःचं बोलणं काही क्षण थांबवतो, उदाहरणार्थ दर ४० मिलिसेकंदांनी ६ मिलिसेकंद. आता ४० आणि १६.७ चा ताल जुळत नाही, त्यामुळे ही गॅप कधी दोन फ्रेमच्या मधल्या शांततेत पडते, कधी थेट फ्रेमच्या डोक्यावर. म्हणून १९व्या आवृत्तीत फ्रेम येत असेल तर ही गॅप सोडून द्यायची सोय घेतली आहे.

माझं मत विचाराल तर खरी गंमत नेटवर्क आणि ॲप एकमेकांशी बोलण्यात आहे. ‘एका सेकंदात टॉवर बदलतोय’ एवढं ॲपला कळलं, तर सर्व्हर थोडं रुंद चित्र आधीच पाठवेल, म्हणजे मान वळली तरी कडेला काळं दिसणार नाही. किंवा मेन्यू उघडा असताना, लेव्हल लोड होताना बदल उरकून घेता येईल. आणि रेल्वेचा रूळ रोज तोच असतो! बदनापूरनंतर कुठला टॉवर येणार, हे अंदाजाने नाही, कालच्या गाडीवरून सांगता येतं. समृद्धी महामार्गावरही तसंच.

पुढच्या वेळी जालन्याहून निघाल की सेल आयडी दाखवणारं एखादं ॲप उघडून ठेवा. करमाडपर्यंत आकडा किती वेळा बदलला, आणि किती वेळा लगेच मागे फिरला, ते मोजून कळवा.